दोन बोटं कमी पडणारी दोरी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९ (दामोदर लीला)

कार्तिक सुरू आहे, त्यामुळे ही कथा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाचनात असेल. यशोदामाई दही घुसळतेय. कृष्ण येतो, मांडीवर चढतो, दूध प्यायला लागतो. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं आणि माय त्याला खाली ठेवून धावते. पोट भरलेलं नसतं, काही सांगितलेलंही नसतं. मग काय! घुसळणीचा डेरा फुटतो, लोणी माकडांना वाटलं जातं आणि माय छडी घेऊन मागे लागते. पुढे दोरी, उखळ आणि ती प्रसिद्ध दोन बोटं.

आजवर मी ही कथा ‘कृष्णाचा खट्याळपणा’ म्हणून वाचत होतो. या वर्षी मात्र मी पहिल्याच प्रसंगाशी अडकलो. हे पोर चिडलं कशामुळे? तर त्याला न सांगता मधेच खाली ठेवलं म्हणून. हे मला आत्ता दिसलं, कारण गेल्या जूनमध्ये मीही हेच केलं होतं. आणि माझं कारण उतू जाणाऱ्या दुधाइतकं चांगलंही नव्हतं.

ओवी तेव्हा पावणेतीन वर्षांची. घराजवळच्या बालवाडीत तिचा पहिला आठवडा. रोज दारात रडारड, माझ्या शर्टाला घट्ट मिठी. साडेनऊला माझा स्टँडअप कॉल. दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी ती ठोकळ्यांकडे बघत असताना मी म्हटलं, “बाबा पाच मिनिटांत येतो हं,” आणि सटकलो. आलो ते बारा वाजता. मनात विचार हाच, की तिच्याच भल्यासाठी केलं. समोर दिसलो नाही तर लवकर रमेल.

चौथ्या दिवशी ती ठोकळ्यांकडे बघेचना. नजर सतत माझ्यावर. घरीसुद्धा मी बाथरूममध्ये गेलो तरी दाराशी उभी.

तिच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, “ओवीचे बाबा, जाताना तिला सांगून जा. रडली तरी चालेल. रडणं मी सांभाळते, पण तुम्ही खोटं बोललात तर ते मला सांभाळता येत नाही.”

मी इंजिनिअरच, वाद घातला. “अहो ताई, तिला वेळ कुठे कळते? पाच मिनिटं काय आणि अडीच तास काय!” त्या म्हणाल्या, “घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. डबा खायचा, मग गाणं, मग चपला घालायच्या, मग बाबा. एवढंच सांगा. आणि चपला घातल्या की दारात दिसा. एक दिवससुद्धा चुकवू नका.”

मंडळी, आजचा प्रश्न हाच आहे. समोरच्याच्या भल्यासाठी बोललेलं छोटंसं खोटं चालतं का? तेही इतक्या लहान मुलाशी, ज्याला खरं-खोटं नीट उमगतही नाही?

मी प्रामाणिकपणे विचार केला तेव्हा उत्तर जरा बोचलं. ते खोटं ओवीसाठी नव्हतंच. ती रडायची ती रडलीच, फक्त मी निघून गेल्यावर. वाचलो तो मी. तिचं रडणं ऐकायचा त्रास माझा टळला आणि तो ताईंच्या वाट्याला गेला. ‘मुलाच्या भल्यासाठी’ म्हणून आपण जे खोटं बोलतो त्यात कुणाचा त्रास वाचतो, हे एकदा तपासून बघा.

मग ताईंनी काय केलं ते मी रोज दारातून थोडं थोडं बघत होतो. त्यांनी ओवीला माझ्या हातातून कधी ओढून घेतलं नाही. त्या जमिनीवर बसायच्या, म्हणजे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला. “रडू नकोस” असं मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. “बाबा हवाय ना? आठवण येतेय ना?” असं म्हणायच्या आणि नुसत्या शेजारी बसून राहायच्या. आईची एक जुनी ओढणी त्यांनी मागून घेतली, ती ओवीच्या दप्तरात असायची. दोन-तीन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी पाण्याशी रमते. मग एक छोटा तांब्या तिच्या हाती आला आणि वर्गाबाहेरच्या तुळशीला पाणी घालणं हे ‘ओवीचं काम’ झालं. वर्गात वीस मुलं. कुणाला मांडी लागते, कुणाला लांबूनच बघायचं असतं. प्रत्येकासाठी वेगळी वाट.

ही वाट आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांवर किंवा आईबापांवर चिडण्याऐवजी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तिथेच मुलांची स्वच्छता, तिथेच गाणी, तिथेच खेळ. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला आणि २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. आज सरकारी पाटीवर वाचताना आपण विसरतो, पण त्या शब्दातच सगळं आहे. मूल माझ्यापर्यंत येत नसेल तर मी त्याच्या अंगणात जाईन.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनीही १९६० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये असंच काहीसं टिपलं. साधारण वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई काही मिनिटं बाहेर जायची आणि परत यायची. आई जाताना मूल किती रडतं, यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, यावरून नात्याबद्दल जास्त कळतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे रडणं हा नात्यातला बिघाड नव्हे. परत येणाऱ्यावर भरवसा आहे की नाही, हा खरा मुद्दा.

आता परत गोकुळात जाऊया. कृष्ण घाबरलाय हे दिसताच यशोदा आधी छडी टाकून देते. मग बांधायला जाते तर दोरी दोन बोटं कमी. दुसरी दोरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपल्या. ती घामाघूम झाली, केसांतली फुलं गळाली. तिचे कष्ट बघून त्याला दया आली आणि तो स्वतः बांधला गेला. वैष्णव टीकाकार सांगतात, एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचं आणि दुसरं त्याच्या कृपेचं.

बंध असाच जुळतो. ताईंनी जमिनीवर बसणं, ओढणी, तांब्या, गाणं, अशा दोऱ्या रोज जोडल्या. पण कुठल्या दिवशी गाठ बसेल हे त्यांच्या हातात नव्हतं. दहाव्या दिवशी दारात ओवीने एका हाताने माझं बोट धरलेलंच होतं, आणि दुसरा हात तिने आपणहून ताईंपुढे केला. मग माझं बोट सोडलं. रडली, पण सोडलं. चपला घातल्यावर मी दारात होतो.

गेल्या सोमवारी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. ओवी ताईंकडे धावत गेली, मागे वळूनही पाहिलं नाही. मला जरा लागलंच, खोटं कशाला बोलू! ताई हसून म्हणाल्या, “मार्चनंतर ती माझ्याकडूनही अशीच पुढे जाणार.” दरवर्षी वीस मुलांना जीव लावायचा आणि दरवर्षी हात सोडायचा. निष्काम कर्मावर मी इतकं वाचलंय, पण ते एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं.

आणि एक कबुली. देवघरासमोरही मी कित्येकदा ओवीशी बोललो तसाच बोलतो. “पाच मिनिटांत येतो, एवढा मेल पाठवतो.” आणि माळ तशीच राहते. तो काही डेरा फोडत नाही, म्हणून माझं खपून जातं इतकंच.

आजचा संकल्प : घरातल्या लहान मुलाला न सांगता, खोटं सांगून आज कुठेही जायचं नाही. सांगून निघायचं, त्याचं रडणं ऐकून घ्यायचं आणि सांगितलेल्या वेळी दारात उभं राहायचं. घरात मूल नसेल, तर ज्याला “येतो” म्हणून ठेवलंय त्याच्याकडे जायचं.

राम कृष्ण हरी!