बाहुलीची साक्ष

नोकरीच्या उमेदवाराला पडद्यासमोर बसवावे, ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच उत्तर मागणारी विधाने एकामागून एक त्याच्यापुढे मांडावीत, आणि तो उत्तरे देत असता त्याच्या दृष्टीची हालचाल व बाहुलीचे आकारमान टिपून तासाभराच्या आत हा मनुष्य सचोटीचा की लबाड याचा फैसला करावा, अशी यंत्रे आज अनेक देशांत राजरोस विकली जातात. गिऱ्हाइकाला कोणती जाहिरात मनापासून आवडली हेही बाहुलीवरून सांगू म्हणणारे याच पेठेतले दुसरे दुकानदार. त्यांच्या वतीने जी कैफियत मांडली जाते तिचा मथितार्थ असा की, विचाराच्या श्रमाबरोबर बाहुली विस्फारते हे डॅनियल काहनेमन यांच्यासारख्या नोबेलविजेत्याने दाखवून ठेवले आहे, तेव्हा बाहुली वाचणे म्हणजे मन वाचणे, यात आता वादाला जागा कोठे राहिली? जागा पुष्कळ राहिली आहे. काहनेमन यांचे नाव पुढे करून एकहार्ड हेस यांचे केव्हाच बाद झालेले कागद पुन्हा रुजू करण्याचा हा प्रकार आहे. आणि तो खपून जातो याचे कारण, या दोघांच्या दरम्यान नेमके काय बदलले हेच आपण चुकीचे वाचत आलो आहोत.

आरंभीच्या इतिहासात रेंगाळण्याचे प्रयोजन नाही. प्रकाशाने बाहुली आकुंचन पावते या प्रतिक्षेपाचा अभ्यास अठराव्या शतकात व्हिट आणि फोन्ताना यांनी केला. डार्विनने भावनांच्या आविष्कारावरील 1872 च्या ग्रंथात भयाने विस्फारणाऱ्या बाहुल्यांची दखल घेतली. आणि बुमके या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने 1911 मध्येच असे नमूद करून ठेवले की, भीती वा वेदनाच नव्हे, तर लक्ष एकवटण्याचा कोणताही बौद्धिक प्रयास बाहुलीला रुंदावतो. विचाराने बाहुली मोठी होते हे ज्ञान, सारांश, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने आपल्या नावावर मांडावे असे नव्हेच.

शिकागो विद्यापीठातील हेस या विषयाकडे वळले ते त्यांच्या पत्नीच्या एका प्रश्नामुळे. रात्री अंथरुणावर पडून ते प्राण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक चाळीत असता, उजेड पुरेसा असूनही तुमच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या कशा, असे तिने विचारले. त्यावर त्यांनी प्रयोगशाळेत निसर्गदृश्यांच्या गठ्ठ्यात एका स्त्रीचे मादक छायाचित्र मिसळले, तो गठ्ठा स्वतःला चित्रे दिसू नयेत अशा बेताने डोळ्यांच्या वर धरला, आणि समोर बसलेल्या जेम्स पोल्ट या सहायकाच्या बाहुल्यांवर नजर रोखली. एका चित्रापाशी त्या एकाएकी रुंदावल्या. पाहतात तो चित्र तेच. 1960 साली या दोघांचा निबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यावर हेस यांनी सिद्धान्त उभारला की, आवडत्या वस्तूने बाहुली विस्फारते व नावडतीने आकसते. जाहिरातदारांना याहून अधिक काय हवे होते? त्यांनी तो त्याच दशकात उचलून धरला. परंतु बाहुलीच्या शरीरशास्त्राला ज्यांनी आयुष्य वाहिले त्या आयरीन लोवेनफेल्ड यांनी, मानसिक कारणाने बाहुली विस्फारते, आकसत नाही, अशी हरकत तेव्हाच नोंदवली. आणि 2008 साली ब्रॅडली व सहकाऱ्यांनी दाखवले की सुखद आणि उद्वेगजनक, दोन्ही प्रकारच्या चित्रांनी बाहुली विस्फारतेच. आवड आणि नावड यांचा निवाडा ती करीत नाही.

येथवर फारसा मतभेद नाही; तो आहे पुढच्या पायरीविषयी. प्रचलित कथा सांगते की, हेस यांना बाहुलीत आवड दिसली, काहनेमन यांना श्रम दिसले. पहिला चुकला, दुसऱ्याने खरा शोध लावला, आणि तेव्हापासून बाहुली विश्वासार्ह ठरली. कथा सोयीची आहे. ती तारखांशी मात्र जुळत नाही. श्रमाची नोंद खुद्द हेस आणि पोल्ट यांनीच 1964 साली केली होती. पाच व्यक्तींना त्यांनी तोंडी गुणाकार घातले, 7 × 8 सारख्या सोप्यापासून 16 × 23 सारख्या अवघडापर्यंत. आणि प्रश्न ऐकल्यापासून उत्तर जुळेपर्यंत बाहुली रुंदावत जाते, उत्तर दिल्यावर पूर्ववत होते, व गुणाकार जितका बिकट तितकी ती अधिक विस्फारते, हे सारे रीतसर छापले. श्रम हाती लागूनही हेस यांनी आवडीनिवडीचा माग सोडला नाही. मग 1966 मध्ये नवे ते काय घडले?

मिशिगन विद्यापीठात काहनेमन आणि जॅक्सन बीटी या विद्यार्थ्याने जो प्रयोग मांडला त्याच्या रचनेतच याचे उत्तर आहे. हनुवटी व कपाळ आधारावर टेकवून मनुष्य कॅमेऱ्याकडे पाहत बसे. तालयंत्राच्या ठोक्याबरोबर ध्वनिमुद्रित अंक सेकंदाला एक या गतीने त्याच्या कानी पडत, कधी तीन, कधी पाच, कधी सात. मग थोडा विराम, आणि त्याच तालात ते अंक त्याने परत म्हणायचे. दर सेकंदाला डोळ्याचे छायाचित्र निघे, आणि पुढे पडद्यावर पाडलेल्या प्रतिमेवर मोजपट्टी लावून बाहुलीचे माप घेतले जाई. अंकागणिक ती थोडी थोडी रुंदावे, विरामात कमाल मर्यादेला पोचे, आणि एकेक अंक बोलून टाकला की पायरीपायरीने आकसत येई. ऐकलेल्या प्रत्येक अंकात एक मिळवायचा, म्हणजे 4726 ऐकून 5837 म्हणायचे, असे ठरवले की ती आणखी विस्फारे.

यात बाहुलीविषयी नवा शोध असा फारसा नाही. नवे आहे ते हे की, बाहुलीकडे पाहण्यापूर्वीच प्रयोगकर्त्याला कोणत्या सेकंदाला स्मृतीवर किती भार आहे हे ठाऊक होते, कारण तो भार एकेका अंकाने त्यानेच चढवला आणि त्यानेच उतरवला होता. बाहुलीकडे त्याने बातमी मागितली नाही, ताळा मागितला. ‘या माणसाच्या मनात काय आहे?’ हा हेस यांचा प्रश्न. ‘मी नेमून दिलेले काम या क्षणी त्याला किती जड जात आहे?’ हा काहनेमन-बीटींचा. पहिल्या प्रश्नातील ‘काय’ त्यांनी सोडून दिले म्हणूनच दुसऱ्यातील ‘किती’ त्यांच्या हाती लागले. आणि 1982 साली बीटी यांनी या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हाही त्यांनी हिशेब मांडला तो नेमून दिलेल्या कामातून उठणाऱ्या प्रतिक्रियांचाच. काम बाजूला काढा, आणि त्याच बाहुलीचे माप हा एक निरर्थक आकडा होतो.

काहनेमन यांनी पुढे बाहुलीला घराबाहेरील विजेच्या मीटरची उपमा दिली. उपमा उत्तम आहे, मात्र तिचे पुरते माप तिला पुढे करणाऱ्यांनी क्वचितच घेतले: चक्र वेगाने फिरते यावरून आत पाणी तापते आहे की गिरणी चालली आहे हे कळत नाही, आणि ते मंद फिरते यावरून घरधनी झोपला आहे की एका दिव्याखाली ग्रंथ वाचीत बसला आहे हेही कळत नाही. याचा प्रत्यय त्यांच्याच प्रयोगशाळेत आला. कामांच्या मधल्या विश्रांतीत एक स्त्री हनुवटी आधारावर तशीच ठेवून गप्पा मारीत होती, आणि बाहेरच्या पडद्यावर दिसणारी तिची बाहुली बोलताना व ऐकतानाही लहानच राहिली. साध्या संभाषणाला श्रम फार थोडे पडतात, हा त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष. आवड मोजणारा दुकानदार तेथे असता तर बाई कंटाळल्या आहेत असा दाखला देऊन मोकळा झाला असता. पीव्हलर यांनी 1974 साली तेरा अंकांपर्यंतच्या मालिका ऐकवल्या, तेव्हा स्मृतीची मर्यादा ओलांडल्यावर बाहुलीचे विस्फारणे थांबले. अहर्न आणि बीटी यांनी 1979 साली विद्यार्थ्यांना गुणाकार घातले, तेव्हा प्रवेशपरीक्षेत अधिक गुण मिळवणाऱ्यांच्या बाहुल्या कमी विस्फारल्या. म्हणजे बाहुली स्थिर आहे याचा अर्थ काम सोपे आहे असाही होतो, आणि माणसाने हात टेकले आहेत असाही. वय, झोप, औषध आणि खोलीतला उजेड यांची भर यात अजून पडायची आहे.

आता मेंदूच्या नावाने जो नवा आधार दिला जातो त्याचेही असेच आहे. लोकस सिरुलियस हे मस्तिष्कस्तंभातील एक इवलेसे केंद्रक मेंदूभर नॉरॲड्रेनलिन पुरवते, आणि त्याच्या चढउताराशी बाहुलीचा चढउतार जुळतो, हे खरे आहे. परंतु पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जोशी, गोल्ड आदींनी 2016 साली माकडांच्या मेंदूत प्रत्यक्ष पेशींची क्रिया नोंदली, तेव्हा असा मेळ मेंदूच्या इतर काही भागांतही आढळला. शिवाय बाहुली ताणणारा स्नायू निराळा आणि आवळणारा निराळा. बौद्धिक कामात टिकून राहणारे विस्फारण पुष्कळसे आवळणाऱ्या स्नायूला मिळणारा हुकूम मंदावल्याने घडते, हे स्टाइनहावर व सहकाऱ्यांनी 2004 साली दाखवले. एका छिद्राच्या रुंदीवर इतक्या वाटा येऊन मिळतात. उलट दिशेने चालत जाऊन नेमकी एक वाट निवडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा मोह केवळ व्यापाऱ्यांचा नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने 2008 साली एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्-आंदोलनांच्या चाचणीला निकालपत्रात स्थान दिले. तंत्र वेगळे, पण शरीरात काही हलले म्हणून मनात अमुकच होते, ही उडी तीच. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात अशा चाचण्या सक्तीने करण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. तथापि त्या निर्णयाचा रोख सक्तीवर होता, आणि संमतीपत्रावर स्वखुशीने केलेली सही चुकीच्या अनुमानाला बरोबर करीत नाही. म्हणून बाहुलीचा पुरावा जो कोणी दाखल करील, त्याच्याकडून प्रथम लेखी तपशील मागावा: काम कोणते नेमून दिले होते, ते पायरीपायरीने कसे वाढवले, उजेड किती होता, आणि त्याच माणसाची बाहुली त्या कामाविना कशी असते. एवढे जो सांगू शकेल त्याला श्रमाचे माप मागण्याचा हक्क आहे. सचोटी, आवड किंवा अपराध यांचे माप मागण्याचा हक्क त्यालाही नाही.