पाहण्याची किंमत कोण देतो?

पक्षी मारून खाणारा, पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवणारा आणि पक्षी नुसता पाहणारा असे तिघे समोर उभे केले, तर तिसऱ्याला कोणीही निर्दोष सोडून देईल. त्याने काही घेतले नाही, काही मोडले नाही. पाहण्याने कोणाचे काय जाते, असे आपण सहज म्हणून जातो. पण आपल्याच बोलण्यात नजर लागते, नजर टोचते, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्याला आपण भला माणूस म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत पाहणे हीसुद्धा एक कृती आहे, हे आपल्याला चटकन कळते. पाखराच्या बाबतीत ते कळायला इतका वेळ का लागावा?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडलेला नाही. आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शाळेतल्या चार-पाच शिक्षकांना पाखरांचा नाद आहे. हिवाळ्यात एखाद्या रविवारी भिगवणला जायचे, कुंभारगावच्या काठावर नाव ठरवायची आणि उन्हे चढेपर्यंत उजनीच्या फुगवट्यात फिरायचे, हा आमचा शौक. घरची मंडळी त्याला वेड म्हणतात. पगार शिक्षकाचा असल्यामुळे ते स्वस्तातलेच वेड आहे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसीचा हा साठा इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या कितीतरी गावांच्या अंगावरून पसरला. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ अजूनही वर येते आणि ज्यांची गावे गेली ती माणसे ते पाहायला येतात. माणसे उठली तिथे पाखरे उतरली, असे म्हटले तर ते कोणाला कडू वाटेल, पण खरे आहे. पाणी ओसरू लागले की उथळ गाळात रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरतात, वाकडी चोच उलटी करून चिखल गाळत उभे राहतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना नोंदले गेले आहेत. सुरखाब येतात. उर्दूत ज्याला फार मिजास आहे त्याला ‘कौनसे सुरखाब के पर लगे हैं’ असे विचारतात. आमच्या मुलांना हा वाक्प्रचार पाठ असतो, पण तो पक्षी आपल्या जिल्ह्यात दर हिवाळ्याला पाण्याकाठी चरत असतो हे ठाऊक नसते. मराठी नावे तर आणखी गोड आहेत. चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका मिरवणारे बदक ते हळदीकुंकू, आणि काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. सोलापूरचेच मारुती चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यात गेले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’मुळे अशी नावे कागदावर राहिली.

आता नावेकडे वळू. अलीकडे पुण्याकडची काही तरुण मंडळी गाडीच्या टपावर कयाक बांधून आणतात. प्लॅस्टिकची लांबट, अरुंद होडी, बसायला एक किंवा दोन जागा, दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे. माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवरच बसतो. अशा एका मंडळीने आम्हाला ती चालवायला दिली. मोटार नाही, धूर नाही, आवाज म्हणाल तर वल्ह्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याचा. वारकऱ्यांचा थवा डोळ्यांच्या रेषेत आला. टिबुकली बुडी मारून कुठे निघते याचा अंदाज बांधत आम्ही कितीतरी वेळ एका जागी राहिलो. मोठ्या नावेतून जे पाखरू ठिपक्याएवढे दिसते त्याचा डोळा लाल आहे हे इथे दिसते. त्या तासाभरात आमच्यातला प्रत्येक जण मनोमन म्हणत होता की पाखरे पाहावीत तर अशी.

पण ही होडी कोणी आणि कशासाठी बनवली? ग्रीनलंड, अलास्काच्या थंड किनाऱ्यांवर राहणाऱ्या इन्युइट लोकांनी, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून, सीलचीच शिकार करण्यासाठी. जनावराला चाहूल न लागता त्याच्यापर्यंत पोहोचता यावे, हे तिचे सारे कसब. त्या बर्फात ती शिकार पोटासाठी होती, तिच्यावर बोट ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. मात्र आपण जिला निरुपद्रवी म्हणून कौतुक करतो ती शांतता मुळात शिकाऱ्याची आहे, एवढे लक्षात ठेवावे. मोटारीची नाव लांबून ऐकू येते. पाखराला सावध व्हायला, बाजूला सरकायला वेळ मिळतो. कयाक लव्हाळ्याच्या आडून एकदम समोर येते. शिवाय मोटारीची नाव जिथे गाळात रुतेल अशा उथळ जागी, म्हणजे नेमकी पाखरांच्या चरण्याच्या आणि घरट्यांच्या जागी, ती सहज शिरते. आवाज न करणे आणि त्रास न देणे या दोन गोष्टी एक नाहीत.

आमचा नेहमीचा नावाडी मासेमार आहे. त्याला आम्ही मामा म्हणतो. आम्ही एकदा विचारले, “मामा, तुमच्या जाळ्याच्या होडीजवळ पाखरं बिनघोर बसतात, आणि पाहुण्यांची नाव आली की उडतात. असं का?” मामा म्हणाले, “ओ सर, पाखरू काय येडं हाय व्हय? मी माझ्या वाटंनं जातो. ही मानसं सरळ त्याच्या अंगावरच येत्यात की.”

नियतीवर, म्हणजे हेतूवर, अमल तोलला जातो असे आपण लहानपणापासून ऐकतो. आमची नियत साफ आहे. आम्हाला फक्त पाहायचे आहे. पण पाखराला नियत दिसत नाही, दिशा दिसते. जो सरळ माझ्याकडे येतो तो मला धरायला येतो, हे त्याचे शहाणपण आहे, आणि त्या शहाणपणामुळेच ते आजवर जगले. हेतू शुद्ध असला की परिणामाची जबाबदारी सुटते काय? मदरशात, न्यायालयात, घरात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी मिळतील. पाण्यावर मात्र उत्तर स्पष्ट आहे. वारकऱ्याला पाण्यावरून लांबवर धावत जाऊनच उडता येते. परतीच्या प्रवासाआधी अंगात चरबी साठवणाऱ्या हंसाचे प्रत्येक फुकटचे उड्डाण त्या साठ्यातून वजा होते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतो. आईबाप उठले की भर उन्हात अंड्यावर सावली राहत नाही. आमची नियत त्या अंड्याला सावली देऊ शकत नाही.

यावर कोणी सलीम अलींचे उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवे. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला, आणि तिथून हिंदुस्थानातल्या पक्षिशास्त्राचा एक मोठा रस्ता सुरू झाला. पुढेही त्यांनी अभ्यासासाठी पक्षी मारले. त्या काळी शास्त्र तसेच चाले. १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली, म्हणजे आपल्या मराठवाड्याचीही. मग बंदूकवाला सलीम अली बरा आणि दुर्बीणवाला बिनहिंसक माणूस वाईट, असे आम्ही म्हणतो काय? तसे नाही. पण सलीम अलींपाशी हिशेब होता. काय घेतले आणि त्याच्या बदल्यात काय दिले, हे त्यांच्या कामातून दाखवता येते. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली आले आणि त्यातून किती पिढ्या पाखरे ओळखायला शिकल्या. आज हजारदा टिपलेल्या रोहिताचा हजार एकावा फोटो काढायला जो त्याला उठवतो, त्याच्या वहीत जमेच्या बाजूला काय लिहायचे? इल्म म्हणावे तर त्यात नवे काही नाही.

आणखी एक गोष्ट इथे आठवते. हजच्या इहराममध्ये असलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना आहे, हे सर्वांना माहीत असते. पण दुसऱ्याला शिकार दाखवणे, तिच्याकडे इशारा करणेसुद्धा त्याला मना आहे. ही तरतूद आम्हाला फार खोल वाटते. हात न लावता, नुसत्या बोटानेही माणूस कामात भागीदार होतो. घरट्याचा ठिकाणा मोबाईलवरून शंभर जणांना कळवणारा हौशी माणूस इहराममध्ये नसतो, हे कबूल. तरी त्याने बोट दाखवलेच आहे.

मग पाहायला जाऊच नये? असे सांगणारेही भेटतात. त्यांचे म्हणणे तर्काला धरून आहे, पण आम्हाला ते पटत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी कोणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कोणाची अम्मी घरी बिड्या वळते. त्यांच्यापर्यंत पाखरू पोहोचते ते पाठ्यपुस्तकातल्या चित्रातून किंवा खाटकाच्या दुकानातल्या जाळीतून. ज्याने हंस कधी पाहिलाच नाही, त्याला उद्या हे पाणी गढूळ झाले, गाळ कोणी उपसून नेला, तर दुःख कशाचे होणार? न पाहिलेल्याची काळजी करणारे लोक विरळा. पाहिले तर पाखराला तोशीस, न पाहिले तर पाखराला वाली नाही, असा हा पेच आहे, आणि तो पूर्ण सुटतो असे आम्हाला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही कुंभारगावला गेलो. रोहितांचा मोठा थवा गाळात चरत होता. रोहित उभा असला की पांढुरका दिसतो; त्याची खरी लाली आणि काळी किनार पंख उघडल्यावरच दिसते. म्हणून काही पाहुण्यांना तो उडालेला हवा असतो. दुसऱ्या एका नावेतल्या लोकांनी आरोळ्या दिल्या, टाळ्या पिटल्या, आणि सारा थवा उठला. आभाळ गुलाबी झाले. खोटे कशाला बोलावे, दृश्य अतिशय सुंदर होते. आमची मुले आनंदाने ओरडली. एक मुलगी तेवढी म्हणाली, “सर, ये हमारे वास्ते उडे क्या?”

आमच्या सोलापुरी बोलीत ‘वास्ते’चे दोन्ही अर्थ होतात, आमच्यासाठी आणि आमच्यामुळे. तिला कोणता अभिप्रेत होता ते आम्ही विचारले नाही. मुलांना आम्ही एवढेच सांगितले की आता बघा, हे पुन्हा खाली कधी बसतात आणि बसल्यावर चोच पाण्यात कधी घालतात. मुलांनी घड्याळ लावले. थवा दोनदा फिरला, लांब पलीकडच्या काठाला उतरला, आणि तिथेही बराच वेळ माना वर करून नुसता उभा राहिला. एका मुलाने वहीत लिहिले : ‘खाना बंद’.

ती उंचावलेली मान आम्हाला सीमारेषा वाटते. पाखरू उडते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याआधी ते चरणे थांबवते, मान वर करते, आपल्याकडे पाहते. किती अंतरावर थांबायचे हे आपण ठरवायचे नसून त्याने ठरवायचे आहे, आणि ते स्पष्ट सांगते. कयाकमध्येही आम्ही तिथेच वल्हे मांडीवर आडवे ठेवतो. लाल डोळा दिसला तर दिसला. वाळूच्या बेटांकडे उन्हाळ्यात जायचेच नाही, हे तर ठरलेलेच.

राहिला प्रश्न नावाड्याच्या पोटाचा. थवा उडाला की पाहुणा खूश होतो, आणि खूश पाहुणा वर शंभराची नोट देतो. ज्यांच्या पोटाचा आधार हेच पाणी आहे त्यांना आम्ही नीती शिकवावी आणि नोट दुसऱ्याने द्यावी, हे शोभत नाही. म्हणून परतताना मामांना म्हटले, “पुढच्या वेळी तीन नावा लागतील. पाखरं उडाली नाहीत तर वरचे शंभर प्रत्येक नावेला आमच्याकडून.”

मामा हसले. म्हणाले, “आन् समजा दुसऱ्याच्या नावंनं उडवली तर?”

यावर आमच्यात गाडीत बसेपर्यंत वाद चालला. गणिताच्या सरांचे म्हणणे, अट अटच असते. उर्दूच्या मॅडम म्हणाल्या, पैसे तरीही द्यायचे, आणि त्या दुसऱ्या नावाड्यालाही आधीच गाठायचे. पुढच्या सहलीची वर्गणी किती धरायची ते अजून ठरलेले नाही.