फोनला मराठी कोण शिकवणार?

फोनला तोंडी हुकूम द्यावा आणि त्याने भलतेच ऐकावे, हा अनुभव आता घरोघरचा आहे. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: हळू बोला, एकेक शब्द तोडून बोला, नाहीतर सरळ इंग्रजीत सांगा. हा सल्ला तंत्राच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि भाषेच्या दृष्टीने घातक.

फोन सुटे शब्द ऐकून ते कोशात शोधत नाही. ध्वनींच्या ओघातून तो शब्दांचे अनेक पर्याय काढतो आणि मागच्यापुढच्या शब्दांच्या आधाराने त्यांतला सर्वांत संभाव्य पर्याय निवडतो. ही समज त्याला माणसांच्या नेहमीच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांतून आलेली असते. यंत्र चुकले की माणसे आवाज ताणतात, शब्दांमध्ये अंतर ठेवतात, असे अमेरिकेतील शॅरन ओव्हियाट यांच्या १९९०च्या दशकातील संशोधनात दिसले होते. पण असे ताणलेले बोलणे यंत्राला शिकवलेल्या बोलण्यापासून दूर जाते आणि चुका वाढू शकतात. तेव्हा नेहमीच्या लयीत, पूर्ण वाक्य एका दमात बोलणे हाच चांगला मार्ग.

मराठीत तर हे अधिकच खरे. आपले क्रियापद शेवटी येते. ‘उद्या सकाळी सहा वाजता’ म्हणून आपण क्षणभर थांबलो, की बोलणे संपले असे समजून फोन ऐकणे बंद करू शकतो. ‘गजर लाव’ हा मुख्य भाग बाहेरच राहतो. म्हणून वाक्य आधी मनात जुळवावे, मग बोलावे आणि एका वेळी एकच काम सांगावे. ‘पावणेसात’ कळले नाही, तर ‘सहा पंचेचाळीस’ म्हणून पाहावे.

काही गोष्टी बोलण्याआधीच करायच्या असतात. सेटिंग्जमध्ये आवाजाची भाषा फक्त इंग्रजी असेल, तर मराठी ध्वनी इंग्रजी शब्दांत कोंबले जाणारच. तिथे मराठी निवडावी. फोनमधली नावे आपण हाक मारतो तशी, शक्यतो देवनागरीत साठवावी. माइकच्या छिद्रावर बोट किंवा कव्हर येऊ देऊ नये, पंख्याचा झोत त्यावर पडू देऊ नये. दूरदर्शन संचावर कोणी बोलत असेल तर आवाज कमी करावा, कारण तेही बोलणेच आहे आणि ते आपल्या बोलण्यात मिसळते.

एवढे करूनही सर्वांना सारखे यश येणार नाही. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२० साली पाच बड्या कंपन्यांच्या, बोलणे ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या अमेरिकनांच्या बाबतीत शब्दचुकांचे प्रमाण सरासरी १९ टक्के होते, कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ३५ टक्के. एकाच देशातील इंग्रजीची ही गत असेल, तर अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाने बोलणाऱ्यांची अडचण सहज समजावी. ज्यांचे बोलणे यंत्राने पुरेसे ऐकलेलेच नाही, त्यांना ‘नीट बोला’ म्हणणे अन्यायाचे आहे.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्याच वर्षी आयफोनवर ‘सिरी’ ही तोंडी हुकूम ऐकणारी सहायक आली. गुगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आली ती २०१७ साली. ‘इंग्रजीत सांगितले की काम होते, मग हट्ट कशाला?’ असे विचारणाऱ्यांचे स्वतःचे काम होतही असेल. पण आवाजाची खरी गरज आहे ती ज्यांना टंकलेखन जमत नाही, डोळ्यांना दिसत नाही किंवा अक्षरओळख कमी आहे त्यांना. त्यांतल्या अनेकांना इंग्रजीचा रस्ताच नाही. सुशिक्षितांनी मराठीत बोलणे सोडले, तर यंत्राच्या मराठीबद्दल तक्रार करणारे आवाजही उरणार नाहीत.

यंत्राला मराठी शिकवण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पातील ‘भाषादान’ उपक्रमात समोर आलेले वाक्य वाचून कोणीही आपला आवाज देऊ शकतो. इतरांचे ध्वनिमुद्रण तपासूही शकतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्येही मराठी आहे आणि तिथला साठा सर्वांसाठी खुला असतो. आयआयटी मद्रासमधील ‘एआय फॉर भारत’ या गटाने २२ भारतीय भाषांतले सहज बोलणे ‘इंडिकव्हॉइसेस’मध्ये जमवले आहे. आपले खासगी बोलणे नकळत साठवले जाण्याची भीती रास्त आहे आणि त्यासाठी फोनच्या सेटिंग्ज जरूर तपासाव्यात. पण दिलेले वाक्य स्वेच्छेने वाचून देणे ही वेगळी गोष्ट आहे.

महाविद्यालये, वाचनालये, साहित्य संस्था यांनी हे काम हाती घ्यावे आणि गावोगावचे, सर्व वयांचे, सर्व बोलींचे आवाज त्यात पोहोचवावेत. वाचकांनीही या आठवड्यात दहा मिनिटे काढून स्वतःचा आवाज द्यावा, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचाही.