शेवटचा हात सुटेपर्यंत

ड्रायव्हर लिहिताना मेमरी मागणं सोपं असतं. एक ओळ लिहिली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हवे तेवढे बाइट काढून देतं. ती परत करायची ओळही तेवढीच छोटी. कस लागतो तो या दोन ओळींच्या मधल्या काळात. ती जागा या क्षणी कोण कोण वापरतंय आणि त्यातला शेवटचा कोण, हे ज्या ड्रायव्हरला नेमकं ठाऊक नाही, तो आज ना उद्या मशीन पाडणार.

कळवणला उन्हाळ कांद्याच्या हंगामात बाजार समितीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागते. लिलाव झाला की गाडी भुईकाट्यावर जाते. आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, आणि त्यावरून शेतकऱ्याची पट्टी. तालुक्यातल्या अशाच एका काट्यावर लिनक्सवर चालणारा छोटा संगणक मधूनच बंद पडत असे, म्हणून मी तो बघायला गेलो होतो. वजन दाखवणाऱ्या यंत्राची केबल कन्व्हर्टर लावून यूएसबीत खोचलेली होती आणि हादऱ्यानं ती सुटायची. केबल निघाली की कर्नल ड्रायव्हरला कळवतं, उपकरण गेलं. हा ड्रायव्हर ते ऐकताच आपली सगळी मेमरी परत करून मोकळा होई. वजन वाचणारा प्रोग्राम मात्र अजून उपकरणाची फाइल उघडी धरून पुढच्या आकड्याची वाट बघत बसलेला असे. काट्यावरचा माणूस केबल पुन्हा खोचून प्रोग्राम बंद करायचा. बंद होता होता प्रोग्राम ड्रायव्हरला हाक मारी, आणि ड्रायव्हर आपली नसलेली जागा आपली समजून तिच्यात लिहून जाई.

या चुकीला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात. तिचा सगळ्यात वाईट गुण हा की ती बहुतेक वेळा काहीच बिघडवत नाही. परत केलेल्या जागेतला जुना मजकूर लगेच पुसला जात नाही, त्यामुळे सकाळी काम थोडं असताना सगळं सुरळीत चालतं. दुपारी गर्दी वाढली की कर्नल तीच जागा दुसऱ्या कुणाला देतं. मग मशीन कोसळतं ते भलत्याच ठिकाणी, आणि नोंदीत नाव दिसतं नेटवर्कचं किंवा फाइल सिस्टिमचं. काट्यावर सगळ्यांची खात्री झाली होती की हे उन्हामुळे होतंय, कारण ते व्हायचंच भर दुपारी.

खरा धागा हाती दिला तो कासाननं. 2015 साली कर्नलच्या 4.0 आवृत्तीत आलेलं हे साधन दर आठ बाइटमागे एक बाइट राखून ठेवतं आणि त्यात कोणती जागा चालू, कोणती परत गेलेली, याची खूण करतं. परत गेलेल्या जागेला कुणी शिवलं की जागच्या जागी पकडतं आणि तीन वाटा छापतं. कुणी शिवलं, जागा घेतली कुणी, परत केली कुणी. नवखे लोक पहिलीच वाट वाचून तिथे ठिगळ लावतात. दोष बहुधा तिसऱ्या वाटेवर असतो.

उपाय जुना आहे आणि पक्का आहे. मोजणी ठेवायची. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 2004 साली त्यासाठी केरेफ नावाची सुटसुटीत सोय कर्नलमध्ये आणली. उपकरण जोडलं की एक, फाइल उघडली की आणखी एक, सोडणाऱ्यानं आपला एक वजा करायचा, आणि शून्य झालं तरच जागा परत. केबल निघाली तर ड्रायव्हरनं ‘उपकरण नाही’ एवढी खूण करून आपला एक सोडायचा, बस्स. कर्नलमधला यूएसबी-सिरियलचा गाभा हेच करतो. काट्याच्या ड्रायव्हरनं तो गाभा न वापरता आपली वेगळी वाट काढली होती.

मोजणीतही एक उणीव आहे, आणि तिच्यावर मी बराच विचार केला आहे. आमच्याकडे सामायिक विहिरीचे हिस्सेदार सातबाऱ्यावर नावानिशी असतात. कर्नलमधली मोजणी म्हणजे नावं नसलेला, नुसता ‘हिस्सेदार तीन’ लिहिलेला उतारा. एखाद्यानं दोनदा हक्क सोडला तर पाणी ओढणारा माणूस तिथे असतानाच विहीर बुजवली जाते. एखाद्यानं सोडलाच नाही तर ती कायमची अडकून राहते, आणि तो कोण हे कुणालाच सांगता येत नाही. नेटवर्कचं काम करणाऱ्या लोकांनी हे वर्षानुवर्षं सोसलं. नेटवर्क उपकरण मोकळं होण्याची वाट बघतोय, वापरणारे 1, असा संदेश पडद्यावर पुन्हा पुन्हा येत राही, पण तो 1 कोण ते कळत नसे. 2022 मध्ये 5.17 आवृत्तीत एरिक डुमाझे यांच्या कामातून रेफ ट्रॅकर आला, आणि प्रत्येक मोजणीमागे ती कुठून घेतली याची नोंद ठेवता येऊ लागली.

आकडाही फसवतो. 2016 साली कर्नलच्या की-रिंग भागात असा दोष उघड झाला की मोजणी वाढवत नेता येई, ती 32 बिटांची मर्यादा ओलांडून शून्यावर येई आणि वापरात असलेली जागा परत जाई. पुढच्याच वर्षी रेफकाउंट-टी आलं. त्यात आकडा मर्यादेला भिडला की तिथेच अडकतो आणि ती जागा पुन्हा कधीच परत होत नाही. थोडी मेमरी कायमची वाया गेली तरी चालेल, पण वापरणाऱ्याच्या हातातून जागा काढून घ्यायची नाही, ही निवड मला मनापासून पटते.

आणि हे सगळं काट्यापुरतं नाही. अँड्रॉइड फोनमधला बाइंडर हाही कर्नलमधला ड्रायव्हरच. त्यात थ्रेडची मेमरी परत जायची, पण ईपोलकडे, म्हणजे अनेक फाइलींवर एकदम नजर ठेवणाऱ्या कर्नलच्या सोयीकडे, तिच्यातल्या प्रतीक्षा-रांगेचा पत्ता शिल्लक राहायचा. सिझकॉलर या चाचणी-साधनानं 2017 च्या नोव्हेंबरात हे दाखवून दिलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये दुरुस्तीही झाली. ती दुरुस्ती अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकात मात्र आली नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये गूगलच्या मॅडी स्टोन यांनी जाहीर केलं की या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर होतोय. धोक्यात असलेल्या फोनच्या यादीत पिक्सेल 2 होता, तसा रेडमी 5ए सुद्धा होता. असा स्वस्तातला फोन आमच्या तालुक्यात वर्षानुवर्षं वापरला जातो आणि त्यावरच कांद्याचे भाव बघितले जातात, पैसे पाठवले जातात. दुरुस्ती लिहून झाली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे.

डिसेंबर 2022 च्या 6.1 आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट ही भाषा आहे, आणि मालकीचे बरेच प्रश्न आता कंपायलर आधीच विचारतो. तरी चालू असलेले बहुतांश ड्रायव्हर सी भाषेतलेच आहेत आणि ते अजून बरीच वर्षं राहतील. म्हणून ड्रायव्हर लिहायला बसणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. उपकरण काढण्याचं फंक्शन आधी लिहा, जोडण्याचं नंतर. मेमरी परत करण्याआधी टायमर आणि रांगेत लावलेली कामं खरोखर थांबली का ते तपासा. आणि कासान चालू ठेवून, फाइल उघडी असताना, केबल स्वतःच्या हातानं ओढून बघा.