बापानं शेत गहाण टाकलं, तुम्ही तब्येत

पोरांनो, दर रविवारी फोन करून माझ्या गुडघ्यांची चौकशी करता, ती पुरे झाली. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. फोनवरच बोललो असतो, पण अडचणीचा विषय निघाला की तुमचं नेटवर्क जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून लिहून पाठवतोय. देवळ्याचा, उमराण्याचा, मेशीचा, लोहोणेरचा, कुठल्या बॅचचा, हे विचारत बसू नका. जो देशाबाहेर गेलाय आणि ज्याला दोन जिने चढले की धाप लागते, त्याच्यासाठी हे आहे. पोरींनो, तुम्हीही हसू नका. तुमचीही हजेरी घेणार आहे.

मागच्या हिवाळ्यात तुमच्यातल्या एकाचा डब्लिनहून व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे तिथे दुपारचा एक. भर दुपारी खोलीचा पडदा ओढलेला, दिवा लावलेला, अंगावर रजई. टेबलावर एनर्जी ड्रिंकचे रिकामे डबे आणि पिझ्झाच्या खोक्यात वाळून कडक झालेले काठ. त्याच्या पलीकडे काचेची एक बरणी. मी लगेच ओळखली. निघताना त्याच्या मायने ठेचा कुटून, वर तेल सोडून, झाकणाला चिकटपट्टी लावून दिली होती. ती पट्टी अजून तशीच. विचारलं, "जेवलास का?" म्हणे, "आत्ताच उठलो, सर." "बाहेर कधी पडलास?" याला आठवावं लागलं! मग म्हणाला, "परवा, कामावर जाताना."

अरे शहाण्या, बापाने शेत गहाण टाकून तुला पाठवलं ते भरदुपारी पडदा ओढून लोळायला?

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. इथे होतात तेव्हा तुम्ही काटक होता, याचं श्रेय स्वतःकडे घेऊ नका. ती शिस्त तुमची नव्हतीच, गावाची होती. पहाटे माय उठवायची म्हणून उठत होतात. मळ्यातून शाळेत यायला सायकलशिवाय इलाज नव्हता म्हणून पाय चालत होते. पौषात कांदालागवडीला माणूस मिळायचं नाही म्हणून रविवारी दिवसभर वाफ्यात वाकत होतात. जेवण वेळेवर व्हायचं, कारण चूल एकदाच पेटायची. आणि तोंड पाडून पारावर बसलात, तर येणारा-जाणारा हटकायचा, "काय रे, काय झालं?" हे सगळं बाहेरून होत होतं. विमानात बसलात आणि ते सगळं इथेच राहिलं. तिथे कुणी उठवत नाही, वाढत नाही, हटकत नाही. मग दोन वर्षांत तुमचं खरं रूप बाहेर आलं. देश वाईट नाही, हवा वाईट नाही. स्वतःला स्वतः उठवण्याची सवय तुम्ही कधी लावून घेतलीच नाही, हे खरं दुखणं आहे.

आता तुमच्या सबबी एकेक करून घेतो.

पहिली सबब: "सर, माझं वजन वाढलेलंच नाही." काट्यावर उभा राहून मला शिकवतोस? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव ऐकलंयस? २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपली घडणच अशी आहे. हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात. चाळीतला कांदा वरून लालबुंद दिसतो आणि आतून सडत असतो, हे मला कांदेवाल्यांच्या पोरांना सांगावं लागतंय. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी धोक्याची रेघ २५ वर न ठेवता २३ वर आणली. म्हणजे तिथला गोरा डॉक्टर नुसतं वजन बघून "ठीक आहे" म्हणेल, त्यावर हुरळू नका. शिवणकामाची टेप घ्या आणि बेंबीच्या उंचीला कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत हवी. त्याच्या वर गेली की मधुमेह आणि हृदयविकार दारात उभे आहेत असं समजा. पोट आत ओढून मोजू नका. मी तिथे नाही, पण मला कळतं.

दुसरी सबब: "इकडे अंधारच असतो, सर. मूडच लागत नाही." हे अर्धं खरं आहे, म्हणून अर्ध्यावरच रागावतो. आपण विषुववृत्तापासून २० अंशांवर आणि डब्लिन ५३ अंशांवर. डिसेंबरात तिथे सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि चारच्या सुमाराला मावळतं. एवढ्या कमी उजेडाने माणूस खचतो, हे शास्त्राने मान्य केलंय. ते शोधणारा नॉर्मन रोझेन्थाल हासुद्धा जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला गेलेला स्थलांतरित डॉक्टरच. पहिल्या हिवाळ्यात आपण असे का मरगळलो, हा प्रश्न त्याला पडला आणि पुढे १९८४ साली त्याने त्या आजाराचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणजे तुझ्यासारखाच अनुभव त्याला आला. त्याने अभ्यास केला, तू पडदा ओढलास. दिवसाचा उजेड सातच तास आहे ना? मग जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाल. ढग असले तरी चाल. खोलीतल्या दिव्यापेक्षा ढगाळ आभाळाचा उजेड कितीतरी जास्त असतो. आणि ड जीवनसत्त्व? आपली कातडी सावळी, तिला ऊन जास्त लागतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या म्हणते, आणि सावळ्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असं सांगते. गोळी स्वस्त आहे. दुकानातून एनर्जी ड्रिंक उचलताना हात लांब जातो, तो गोळीपर्यंत का जात नाही?

तिसरी सबब: "आपलं खायला मिळत नाही." थापा मारू नका. लेस्टरला, ब्रॅम्प्टनला, फ्रँकफर्टला इंडियन स्टोअरमध्ये मूग, मटकी, बाजरीचं पीठ, शेंगदाणे सगळं रचून ठेवलेलं असतं. भाकरी थापता येत नाही म्हणता? यंत्रं बनवायला शिकलात आणि पिठाचा गोळा गोल होत नाही? नका थापू. कुकरमध्ये डाळ-तांदूळ आणि मूठभर पालक टाका, वीस मिनिटांत जेवण तयार. मटकी रात्री भिजत घालायला कुठली पदवी लागते? अंडी खात असाल तर खा. पण रोज रात्री दीड वाजता फ्रोझन पराठा आणि केचप, हे जेवण नव्हे. आणि ती ठेच्याची बरणी उघड. तुझ्या मायने ती शोभेला दिली नाही.

चौथी सबब सगळ्यात मोठी, आणि ती सांगताना तुमचा आवाज जड होतो: "सर, डोक्यावर कर्ज आहे." आहे. मला बँकेचं नाव आणि हप्ता दोन्ही माहीत आहेत. जामीनदाराच्या सहीच्या दिवशी मी तिथे बसलो होतो. म्हणूनच विचारतो, ते कर्ज फेडणार कोण? तुझं शरीरच ना? मग त्याच्यावरच दरोडा कशाला? विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास आणि कॅनडात २४ तास काम करता येतं. त्यावरचे तास कुणी कुणी गोदामात आणि हॉटेलांत रोखीने करतं, हे माझ्या कानावर आलंय. व्हिसा धोक्यात, झोप चार तास, आणि सकाळच्या तासाला वर्गात डुलक्या. असला हिशेब मांडणाऱ्याला मी गणितात शून्य देतो. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. यात घासाघीस नाही.

आता दवाखान्याचं. हे लिहिताना मला खरंच संताप येतो. ब्रिटनला जाताना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. बापाने कांदा विकून ते आधीच भरलेत. आणि तुमच्यातल्या दोघांनी वर्षभरात घराजवळच्या जीपीकडे नावसुद्धा नोंदवलं नाही! ताप आला की इथून नेलेल्या गोळ्यांच्या पाकिटातून अंदाजाने एक उचलायची आणि गावातल्या मेडिकलवाल्याला मेसेज टाकायचा. लाज वाटत नाही?

आनंदीबाई जोशी आठवा. धड्यात फक्त तारखा पाठ केल्या होत्या; आता तिथल्या थंडीत बसून पुन्हा वाचा. १८८३ साली अठरा वर्षांची पोर अमेरिकेला गेली. फिलाडेल्फियाचा हिवाळा, अंगावर लुगडं, शाकाहारी पोट. तब्येत ढासळत गेली, तरी १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर होऊनच बाहेर पडली. पुढच्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात क्षयाने गेली. क्षयाचा जंतू तिच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षी सापडला होता. औषध यायला पुढे साठेक वर्षं लागली. तिच्या हातात काहीच नव्हतं. तुमच्या हातात गोळी आहे, हीटर आहे, आगाऊ पैसे भरलेला डॉक्टर आहे. एवढं असून तुम्ही आजारी पडणार असाल, तर त्याला नशीब म्हणू नका, आळस म्हणा.

व्यायामाचं विचारलं की जिमच्या कार्डाचा फोटो पाठवता. वर्षाची फी भरून महिन्यात पाय ठेवत नाही. फी भरल्याने घाम येत नसतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं, भरभर चालणं किंवा सायकल, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढंच जागतिक आरोग्य संघटना मागते. खोलीत सतरंजी मावते ना? मग सूर्यनमस्कार घाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली खुद्द लंडनच्या प्रकाशकाने छापलं. आपल्या राजाने साहेबाला नमस्कार शिकवले आणि त्याच गावात बसून आमचा पठ्ठ्या म्हणतो, "जिम लांब आहे."

आणि माणसांत जा. एका घरात पाच नाशिककर राहता आणि पाचही जण आपापल्या खोलीत कानात बोंडकी घालून बसता, याला सोबत म्हणत नाहीत. न. चिं. केळकरांनी १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ काढून दिलंय, ते फक्त गणपतीच्या जेवणापुरतं नाही. पण आपल्यातच घुटमळू नका. शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटरचा पार्करन असतो, फुकट असतो, धावता येत नसेल तर चाललं तरी चालतं. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोला. भाषा सुधारेल आणि कुणीतरी नावाने हाक मारणारं मिळेल.

ज्याला खरोखर अंधारून आलंय, झोप नाही, जगावंसं वाटत नाही, त्याला मी ओरडत नाही. त्याला माझा हुकूम आहे. आज, आत्ता कुणाला तरी सांग. ब्रिटन-आयर्लंडमध्ये ११६ १२३, कॅनडात ९८८, जर्मनीत ०८०० १११०१११, रात्री-बेरात्री फोन उचलतात. नाहीतर मला लाव. माझी झोपमोड झाली तर मी बघून घेईन. पण मायला "मजेत आहे" सांगून फोन ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं, हा शूरपणा मला नको.

देवळ्यात बसलेल्या आईबापांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. पोराचा फोन आला की तुमचा पहिला प्रश्न "पगार झाला का?" आणि दुसरा "पीआर कधी?" मग तो खरं कशाला सांगेल? भाऊबंदांत सांगायला तुम्हाला युरोचा आकडा हवा, म्हणून तो झोप विकून आकडा पाठवतो. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन कांद्याला बारं धरायला तुम्ही जाता, त्या अंधारात पाय मुरगळला तरी त्याला कळू देत नाही. तोही तुमच्याकडूनच शिकलाय. दोन्हीकडून लपवालपवी आणि मध्ये हजारो किलोमीटर! आजपासून पहिला प्रश्न "झोपलास किती?" हाच विचारायचा. आणि तुमचं दुखणंही त्याला खरं सांगायचं.

बस्स. "हो सर, करतो सर" नको. ते मी वर्गात पुष्कळ ऐकलंय. येत्या रविवारी फोन कराल तेव्हा तीन उत्तरं तयार ठेवा: कंबर किती सेंटिमीटर, रोजची झोप किती तास, आणि डॉक्टरचं नाव काय. ज्याच्याकडे उत्तरं नसतील त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी करू नये. माझे गुडघे रोज पहाटे चालतात. तुमचं बोला.