काजूच्या बागेतील वाटेकरी

शास्त्रपाठ : निर्गम २३:१०, ११ आणि २१:३३, ३४



माघ-फाल्गुन आला म्हणजे दक्षिण कोंकणातील डोंगरउतारांवर काजू पिकू लागतो. आपण टोपल्या घेऊन बागेत जातो, तों आपल्या आधीच तेथे कोणी जाऊन आलेले असते. वानरांनी फांद्या हालवून कोवळे बोंडू खाली पाडलेले असतात. रात्री वटवाघुळे येऊन गेलेली असतात. कुंपणाशी रानडुकरांनी जमीन उकरलेली असते. वर्षाचे मीठमिरची आणि मुलांच्या वह्यापुस्तके ज्या पिकावर अवलंबून, त्याची ही नासाडी पाहून कोणाचे मन कडू होणार नाही? ह्या कडूपणात ख्रिस्ती मनुष्याने काय करावे, हाच आजचा विषय आहे.

मोशेच्या द्वारे परमेश्वराने इस्राएल लोकांस जी आज्ञा दिली तिचा भावार्थ असा की, सहा वर्षे जमीन पेरून तिचे उत्पन्न साठवावे, पण सातव्या वर्षी ती पडीत ठेवावी. त्या वर्षी जे उगवेल ते गरिबांनी खावे, आणि गरिबांचे खाऊन जे उरेल ते रानच्या पशूंनी खावे. द्राक्षमळा व जैतुनांची झाडे ह्यांविषयीही हाच नियम. ह्यावरून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, बागेचा खरा धनी परमेश्वर आहे. सातबाऱ्यावर आपले नाव असले तरी आपण त्याचे कारभारी आहो, आणि धन्याने रानच्या पशूचा वाटा आपल्या नियमशास्त्रात लिहून ठेविला आहे. विचार करा, काजूचे झाड मूळचे ब्राझील देशाचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी ते आपल्या किनाऱ्यास आणिले. वानर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून येथे आहे. मग ह्या डोंगरावर उपरा कोण? शिवाय देवाने काजूच्या बीस असे कवच दिले आहे की, त्यातील तेल अंगास लागताच भाजते. म्हणून वटवाघूळ बोंडू नेते, त्याचा रस खाते आणि बी टाकून देते. जेथे ती पडते तेथे पावसाळ्यात रोप उगवते. उतारावर कोणीही न लाविलेली जी झाडे आपण आज आनंदाने झोडपतो, त्यांतील काही ह्या रात्रीच्या पेरणाऱ्यांनी लाविलेली आहेत.

दुसरी गोष्ट ही की, राखण करणे पाप नव्हे. सहा वर्षे पीक गोळा करण्याची मोकळीक देवानेच दिली. १०४ थ्या स्तोत्रात रात्र श्वापदांस आणि दिवस मनुष्याच्या श्रमास नेमून दिला आहे. तर दिवसभर राखण बसवा, कुत्रा पाळा, डबे वाजवा, कुंपण नीट करा आणि पडलेली बी रोजच्या रोज वेचा; आळशाच्या बागेत वानराचा वाटा नेहमी मोठा असतो. सन २००२ पासून दोडामार्ग भागात कर्नाटकातून हत्ती येऊ लागले. त्या भागातील बंधूंनी सोसलेले नुकसान लहान नाही, आणि त्यांस केवळ धीर धरा असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. हत्तीने किंवा गव्याने नासाडी केली तर विलंब न लाविता वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज मंडळीतील शिक्षकाने लिहून द्यावा. हीही सेवाच आहे.

तिसरी गोष्ट सांगताना मला स्वतःचे पाप सांगावे लागते. काही वर्षांपूर्वी वानरांनी माझी अर्धी बाग नासविली. तेव्हा रागाच्या भरात मी बोंडूंस विष लावून ते कुंपणाच्या कडेस टाकिले. सकाळी वानर मेलेले नव्हते. शेजारच्या विधवेची गाभण शेळी मेलेली होती. हे कोणी केले हे कोणास ठाऊक नव्हते. तीन दिवस मी गप्प राहिलो. रविवारी उपासनेसाठी शास्त्र उघडले तों खड्ड्याचा नियम समोर आला: ज्याने खड्डा खणून झाकला नाही आणि त्यात दुसऱ्याचे जनावर पडले, त्याने त्याची भरपाई करावी. माझ्याने पुढे वाचवेना. उपासना आटोपताच मी त्या बाईच्या दारी गेलो आणि सर्व सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “मास्तर, माझी नातही त्याच कुंपणाशी बोंडू वेचते.”

बंधूंनो, ते शब्द आजही माझ्या कानांत आहेत. शेळीची किंमत मी भरली, आणि ती वानरांनी केलेल्या नुकसानीहून अधिक झाली. पण त्या मुलीचे काही झाले असते तर कोणत्या मोलाने भरपाई केली असती? विष, तारेचा फासा, कुंपणात सोडलेली वीज ही वानर कोण व लेकरू कोण हे ओळखीत नाहीत. सरकारी कायद्यानेही, म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, विष व फासे लावून शिकार करणे मना केले आहे. पण ख्रिस्ती मनुष्यास तुरुंगाच्या भीतीहून मोठे कारण आहे. आपले शेजारी शुभवर्तमान प्रथम आपल्या कुंपणावर वाचतात, मग आपल्या पुस्तकात.

येथे एक सूचना. बागेत माकड मेलेले आढळले तर त्यास हात लावू नये. आरोग्य खात्यास ताबडतोब कळवावे. अशा माकडावरील गोचिडी चावून माणसास माकडताप होऊ शकतो. सन २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात ह्या रोगाने पुष्कळ घरे दुःखात पडली.

होशेय संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात देव आपल्या लोकांसाठी रानच्या पशूंशी करार करील असे अभिवचन आहे. तो करार पूर्ण होईपर्यंत आपल्या बागेत ओढाताण राहीलच. तरी ह्या हंगामात प्रत्येकाने बागेच्या रानाकडील बाजूची एक-दोन झाडे न वेचता ठेवावी. आधी गरिबाने वेचावे, मग पशूने खावे. आणि ज्याने कोठे फासा मांडला असेल त्याने आज सूर्य मावळण्यापूर्वी तो काढावा.

हे प्रभू, आम्ही राखलेल्या बागेत आमचे अंतःकरणही राख. आमेन.