तेल आणि जखमा

प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात एक तपशील आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तो तेल ओततो. आपल्या संस्कारांतही, बाप्तिस्म्यापासून आजाऱ्यांच्या अभ्यंगापर्यंत, तेल हे बळाचे आणि सांत्वनाचे चिन्ह आहे. ते तेल ऑलिव्हचे. जमिनीच्या पोटातून निघणाऱ्या तेलाने मात्र सुदानच्या वाट्याला जखमाच दिल्या.

१९७८ साली दक्षिण सुदानात बेंतियूजवळ तेल सापडले. १९८३ मध्ये उत्तर-दक्षिण यादवी पुन्हा पेटली आणि ती २००५ पर्यंत धुमसत राहिली. तेल हे तिचे एकमेव कारण नव्हे. वंश, धर्म आणि सत्ता यांची भांडणे जुनीच होती. पण तेलामुळे माणसांपेक्षा जमिनीला मोल आले. विहिरींच्या परिसरातून नुएर आणि दिंका या गुराखी जमातींना हुसकून लावण्यात आले. वस्त्या जाळल्या गेल्या, वरून बॉम्ब पडले. त्या २२ वर्षांत सुमारे २० लाख माणसे गेली असे मानले जाते. त्यांतली बहुतेक गोळीने नव्हे, भुकेने आणि रोगाने मेली.

आम्हांला अस्वस्थ करते ती दोन कामांच्या वेगांतली तफावत. विहिरींपासून तांबड्या समुद्रापर्यंतची सुमारे १६०० किलोमीटरची नळवाहिनी १९९८ मध्ये हाती घेतली गेली आणि १९९९ च्या ऑगस्टअखेर तेलाचे पहिले जहाज निघालेही. उलट, पश्चिमेकडील दार्फुरमध्ये २००३ साली कत्तली सुरू झाल्या; संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने मोठे शांतिदल पाठवायचा ठराव व्हायला २००७ चा जुलै उजाडला. २००४ मध्ये तेलव्यवसायावर निर्बंधांचा नुसता इशारा देणारा ठराव आला, तेव्हा सुदानी तेलाचा मोठा ग्राहक असलेला चीन तटस्थ राहिला. म्हणजे जगाला घाई करता येत नाही असे नाही. कशासाठी करायची, हे ते निवडते.

मग या दिरंगाईचा दोष कोणाचा? मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. अडचण अशी की, न केलेले कर्तव्य शंभर जणांत वाटले गेले की प्रत्येकाचा वाटा इतका लहान होतो की तो कोणालाच बोचत नाही. याजक आणि लेवी निदान एकेकटे चालले होते. कोण बाजूने निघून गेले, ते सांगता तरी येते.

हे सारे दूरचे, असेही आपल्याला म्हणता येणार नाही. चर्चसंघटना, मानवी हक्कांचे कार्यकर्ते आणि भागधारक यांच्या टीकेमुळे टॅलिस्मन या कॅनडाच्या कंपनीने तेथील आपला २५ टक्के हिस्सा विकला. तो २००३ मध्ये घेतला आपल्या ओएनजीसी विदेशने, सुमारे ७५ कोटी डॉलर देऊन. त्याच वर्षी सुदानचे तेल मंगळूरला उतरले. कंपनी सरकारी, म्हणजे मालक आपणच. देशाला इंधन हवे, हे खरे. आमच्याही स्कूटरला ते लागतेच. टॅलिस्मनच्या जाण्याने विहिरी थांबल्या नाहीत, केवळ खुर्ची बदलली, हेही खरे. तरीही त्या व्यवहाराची आपल्या घरांत, धर्मग्रामांत साधी चर्चाही झाली नाही, ती का?

दार्फुरच्याच एका मुलीला लहानपणी पळवून गुलाम म्हणून पुनःपुन्हा विकले गेले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली तिला संतपद दिले. ती संत जोसेफिन बखिता. तिच्या त्या भूमीत, एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापतींत जुंपलेल्या युद्धात, अल-फाशेर शहराला वेढा पडला. तो उठवावा असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्ये केला. शहर पडले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधले सोळा महिने आत काय चालले आहे, हे साऱ्या जगाला ठाऊक होते.